संस्थापकाचा फोटो उतरवताना : 'लार्श'चं प्रकरण

२२ फेब्रुवारी २०२०, शनिवार. 'लार्श' या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या प्रमुखांनी त्या दिवशी जगभरातल्या आपल्या माणसांना एक पत्र पाठवलं आणि सोबत एका चौकशीचा गोषवारा जाहीर केला. चौकशी होती संस्थापकांची. ज्याँ व्हानिए नऊ महिन्यांपूर्वीच, ७ मे २०१९ ला गेले होते. नव्वद वर्षांचं आयुष्य, अध्यात्माच्या क्षेत्रातला २०१५ चा टेम्पलटन पुरस्कार, आणि मृत्युलेखांतून 'जिवंतपणीच संत' असा गौरव. गोषवाऱ्यात लिहिलं होतं की १९७० ते २००५ या काळात त्यांनी सहा स्त्रियांना, आध्यात्मिक मार्गदर्शनाच्या आडून, लैंगिक संबंधांत ओढलं होतं. ते संबंध बरोबरीचे नव्हते. एका बाजूला संत, दुसऱ्या बाजूला त्याच्याकडे आधार मागायला आलेली बाई, असा तो मामला होता. सहाही स्त्रिया प्रौढ होत्या आणि त्यांपैकी कुणीही दिव्यांग नव्हतं.

लार्श म्हणजे बौद्धिक अक्षमता असलेली माणसं आणि नसलेली माणसं एकाच घरात राहतात अशा घरांचा समूह. तेव्हा ३८ देशांत मिळून दीडशेच्या आसपास समुदाय होते. दिव्यांग व्यक्तींबरोबर काम करायला येणाऱ्या नव्या मुलामुलींपुढे मी हे प्रकरण ठेवते, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: मग ती घरं बंद पडली का? नाही पडली. त्यांना वाटतं, उत्तर मिळालं, प्रकरण संपलं. माझ्या दृष्टीने ते तिथून सुरू होतं. संस्थापक असा निघाला आणि घर तरी टिकलं, तर घर नेमकं कशावर उभं होतं? आणि घर इतकं पक्कं होतं, तर त्यातल्याच बायकांना पन्नास वर्षं बोलायला जागा का मिळाली नाही? या दोन प्रश्नांची उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत.

घर कसं चालतं

आधी घर. फ्रान्समध्ये काँपिएन्यच्या जंगलाला लागून त्रोली-ब्रय नावाचं छोटं गाव आहे. १९६४ च्या ऑगस्टमध्ये व्हानिए यांनी तिथे एक जुनं घर घेतलं. आत संडास नव्हता, पाण्याला एकच नळ. पॅरिसजवळच्या एका मोठ्या आश्रयगृहातून त्यांनी काही माणसं राहायला आणली. राफाएलला लहानपणी मेंदूज्वर झालेला, मोजकेच शब्द बोलायचा. फिलिप मात्र तोंडाला कुलूप नसलेला, सारखी बडबड. ही दोन नावं संस्थेच्या कथेत कायमची राहिली. तिसराही एकजण आला होता. पण पहिल्याच रात्री तो इतका बिथरला की दुसऱ्या दिवशी त्याला परत पाठवलं. कथेत तो फारसा येत नाही. एखाद्या संस्थेची जन्मकथा ऐकताना मी हल्ली अशा तिसऱ्या माणसाची चौकशी करते.

घराला नाव दिलं लार्श, म्हणजे बायबलमधली नोहाची नौका. काही महिन्यांतच, १९६५ च्या मार्चमध्ये, गावातल्याच व्हाल फ्लरी या निवासी संस्थेची आणि तिथल्या तीसेक पुरुषांची जबाबदारी व्हानिए यांच्यावर आली. पुढे १९६९ मध्ये कॅनडात टोरोंटोजवळ एक समुदाय उभा राहिला, आणि १९७० मध्ये बंगळुरूला 'आशा निकेतन'. नंतर कोलकाता, चेन्नई आणि केरळात कोझिकोडजवळही आशा निकेतनं निघाली. लार्शची मुळं कॅथलिक, पण भारतातल्या घरांत पहिल्यापासून हिंदू, मुस्लिम, ख्रिश्चन माणसं एकत्र राहिली. म्हणजे ही फ्रान्समधली लांबची गोष्ट नव्हे.

अशा घरात दिव्यांग व्यक्तीला 'लाभार्थी' किंवा 'रुग्ण' म्हणत नाहीत. ती समुदायाची मुख्य सदस्य. तिच्याबरोबर राहतात ते सहायक. पुष्कळदा विशीतली मुलं, कुठल्या तरी दुसऱ्याच देशातून वर्ष-दोन वर्षांसाठी आलेली. राहणं-खाणं घरात आणि वर थोडा हातखर्च. सकाळी कुणाला अंघोळ घालायची, कुणाची दाढी करून द्यायची, कुणाला फक्त शर्टाची बटणं लावायला मदत. दिवसा सदस्य कार्यशाळेत किंवा नोकरीवर. संध्याकाळी स्वयंपाक पाळीपाळीने, आणि रात्रीचं जेवण सगळ्यांनी एकत्र. हे शेवटचं चुकवायचं नाही. एखाद्याला भरवायला पाऊण तास लागत असेल, तर जेवण पाऊण तास चालतं. वाढदिवसाला ज्याचा वाढदिवस त्याला मध्ये बसवून प्रत्येकाने त्याच्याबद्दल काहीतरी सांगायचं. 'तू हसतोस ते मला आवडतं' एवढंही चालतं. कुणी वारलं तर त्याच्या आठवणी अशाच टेबलाभोवती निघतात.

वाचताना हे फार गोड वाटतं. रोज करताना ते गोड नसतं. तीन रात्री झोप न झालेल्या सहायकाला अंथरूण बदलावं लागतं. कुणी चावतं. कुणी रोज तोच प्रश्न चाळीस वेळा विचारतं. तरीही या रचनेत एक गोष्ट आहे, जी मोठ्या वसतिगृहांत औषधालाही सापडत नाही. तिथे तीन पाळ्यांत तीन माणसं बदलतात आणि कुणालाच धड ठाऊक नसतं की याला चहात दोन चमचे साखर लागते. इथे नव्याने आलेल्या सहायकाला साखरेचा डबा कुठे आहे ते सदस्य दाखवतो. सहायक वर्षभराने जातो, सदस्य तीस वर्षं तिथेच असतो. घर त्याचं आहे, पाहुणा तो सहायक.

याची एक दुखरी बाजूही आहे आणि ती संस्थेच्या पत्रकांत कमी येते. दरवर्षी जीव लावलेलं कुणीतरी बॅग भरून निघून जातं. तीस वर्षांत किती निरोप झाले ते मोजा. 'नात्यावर उभी असलेली संस्था' असं आपण म्हणतो, तेव्हा त्या नात्याचं भाडं कोण भरतं, हा प्रश्न विचारायला हवा.

पण मुद्दा हा: हे घर चालवणारी रीत व्हानिए यांच्या खोलीतून रोज बाहेर पडत नव्हती. ती टेबलावर तयार झाली. भांडी घासताना, औषधांच्या गोळ्या मोजताना, एकमेकांवर वैतागून पुन्हा जुळवून घेताना. हजारो लोकांनी ती बनवली, त्यांतल्या कित्येकांनी व्हानिए यांना कधी समोर पाहिलंही नव्हतं. २०२० नंतर घरं टिकली त्याचं मोठं कारण मला हेच दिसतं.

अर्धी सांगितलेली जन्मकथा

आता दुसरी बाजू. व्हानिए कॅनडाच्या एका राजनैतिक अधिकाऱ्याचे चिरंजीव. वडील पुढे कॅनडाचे गव्हर्नर जनरल झाले. तेराव्या वर्षी मुलगा ब्रिटिश नौदलाच्या शाळेत गेला आणि १९५० मध्ये नौदल सोडून पॅरिसजवळ 'लो व्हीव' नावाच्या एका धार्मिक समुदायात दाखल झाला. तिथले गुरू होते तोमा फिलिप, कॅथलिकांमधल्या डॉमिनिकन पंथाचे धर्मगुरू. (वरचा फिलिप वेगळा. मी यांना फादर तोमा म्हणते.) हे फादर तोमा गूढ भक्तीच्या नावाखाली स्त्रियांचं लैंगिक शोषण करत होते. तक्रारी रोमपर्यंत गेल्या आणि १९५६ मध्ये व्हॅटिकनने त्यांच्यावर धर्मगुरूचं कोणतंही काम करायला बंदी घातली. शिष्यांनी पांगावं, असा आदेश झाला. पण निकाल गुप्त राहिला.

शिष्य पांगले, तुटले नाहीत. व्हानिए यांना धर्मगुरूची दीक्षा घ्यायची होती. त्यासाठी गुरूशी संबंध तोडण्याची अट होती. त्यांनी दीक्षेवर पाणी सोडलं, गुरूला सोडलं नाही. १९६२ मध्ये ॲरिस्टॉटलवर डॉक्टरेट केली. त्याच सुमारास फादर तोमा त्रोलीत पोचले, व्हाल फ्लरीमध्ये धर्मसेवक म्हणून. आणि १९६४ मध्ये व्हानिए यांनी घर घेतलं ते त्याच गावात.

लार्शची जन्मकथा पन्नास वर्षं अशी सांगितली गेली: आश्रयगृहांतली माणसांची दशा पाहून एक तरुण हलला, आणि दोघांना घेऊन संसार मांडून बसला. ही कथा खोटी नाही. आश्रयगृहांची दशा खरीच भयंकर होती आणि राफाएल-फिलिप खरंच तिथून बाहेर आले. पण ती अर्धी होती. ३० जानेवारी २०२३ ला आलेल्या अभ्यास आयोगाच्या अहवालाने उरलेली अर्धी मांडली: त्या गावात घर घेण्यामागे, पांगवलेल्या त्या जुन्या गटाला गुरूभोवती पुन्हा जमता यावं, हाही हेतू होता.

आयोग लार्शनेच २०२० च्या अखेरीस नेमला होता. त्यात इतिहास, समाजशास्त्र, मानसोपचार, मनोविश्लेषण, धर्मशास्त्र अशा निरनिराळ्या शाखांतले अभ्यासक होते. अहवाल ९०० पानांच्या घरात जातो. त्यात व्हानिए यांच्या बाबतीत स्त्रियांची संख्या सहावरून किमान २५ वर गेली, आणि काळ १९५२ पासून थेट २०१९ पर्यंत. काही अविवाहित, काही विवाहित, काही नन. बऱ्याचजणी लार्शमध्येच सहायक म्हणून काम करणाऱ्या. बौद्धिक अक्षमता असलेल्या कुणावर असा अत्याचार झाल्याचं आयोगाला आढळलं नाही. हा प्रकार एका छोट्या वर्तुळात राहिला, संस्थेभर पसरला नाही, असंही अहवाल म्हणतो.

इथे थोडं थांबते. 'दिव्यांगांना हात लागला नाही' हे वाक्य लोक सुटकेचा श्वास सोडल्यासारखं वाचतात. मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं होतं. पण ज्या पंचवीसजणींना हात लागला, त्यांतल्या बऱ्याचजणींनीच तर ती घरं चालवली होती. अंघोळी घातल्या, रात्री जागवल्या. त्यांना वगळून 'समुदाय सुरक्षित होता' असं म्हणायचं, तर समुदायात त्या कधी धरल्याच नव्हत्या असा अर्थ होतो.

दिसलं का नाही

फादर तोमा १९९३ मध्ये वारले. वीसेक वर्षांनी, २०१४ मध्ये, काही स्त्रिया पुढे आल्या आणि चर्चची चौकशी झाली. २०१५ मध्ये लार्शने ते जाहीरही केलं. तेव्हा व्हानिए यांनी आपल्याला धक्का बसल्याचं आणि या गोष्टी आपल्याला ठाऊक नव्हत्या अशा अर्थाचं लिहिलं. २०२० च्या चौकशीत दिसलं की त्यांना पन्नासच्या दशकापासून ठाऊक होतं. खुद्द व्हानिए यांच्याबद्दल पहिली तक्रार लार्शकडे २०१६ मध्ये आली, दुसरी मार्च २०१९ मध्ये. दुसरीनंतर मात्र हालचाल झाली. ब्रिटनमधल्या एका बाहेरच्या संस्थेकडे चौकशी सोपवली गेली.

२०१६ ते २०१९ ही तीन वर्षं मला खटकतात. त्यानंतरचं वागणं मात्र शिकण्यासारखं आहे. वर्तमानपत्राने बातमी फोडायची वाट न बघता संस्थेने स्वतः जाहीर केलं. 'काही अनुचित प्रकार' अशी गुळमुळीत भाषा वापरली नाही. बायकांवर विश्वास ठेवतो असं स्पष्ट म्हटलं. आणि एवढ्यावर न थांबता, स्वतःच्या जन्मकथेचं शवविच्छेदन करायला पैसे आणि कागदपत्रं देऊन अभ्यासक बसवले. किती संस्था असं करतील?

पण पन्नास वर्षं कुणाला का दिसलं नाही? 'ते फार हुशार होते' हे उत्तर मला पुरत नाही. घराची रचना पाहा. सहायक मुलगी घर सोडून, कधी देश सोडून आलेली. तिचं राहणं, जेवण, काम, मैत्रिणी, श्रद्धा, सगळं एकाच ठिकाणी. तिला मार्गदर्शन करायला स्वतः संस्थापक वेळ देतात, बंद दाराआड, एकटीला. हे भाग्य समजलं जायचं. आत जे घडतं त्याला तो माणूस प्रार्थनेचं नाव देतो. तिने तक्रार करायची म्हटलं तर कुणाकडे? घरप्रमुखाकडे? तो त्यांचाच शिष्य. आणि केलीच, तर एका दिवसात नोकरी, छप्पर, माणसं आणि देव, चारही जायचे. साध्या कारखान्यात साहेबाने त्रास दिला तर बाई निदान संध्याकाळी आपल्या घरी जाते.

लार्शमध्ये, आणि आपल्याकडेही, अशा संस्थेला 'आम्ही एक कुटुंब आहोत' असं म्हणायची सवय आहे. कौतुकाने म्हणतात, आणि पुष्कळदा ते खरंही असतं. पण कुटुंबात बापाची तक्रार कुणाकडे करतात? करत नाहीत, गिळतात. कुटुंब म्हटलं की हजेरीपट, तक्रारवही, बाहेरचा तपासनीस हे सगळं परकं वाटायला लागतं. 'आपल्या माणसांत कसले कागद?' असं कुणीतरी म्हणतं आणि बाकीच्यांना ते पटतं. माझं मत नेमकं उलट झालं आहे. जिथे माणसं एकमेकांवर डोळे मिटून विश्वास टाकतात, दुसऱ्याच्या हाताने अंघोळ करतात, तिथे कागद जास्त लागतात.

सोमवारची सकाळ

आता घरात परत येऊ. शनिवारी बातमी आली. सोमवारी न्याहारीला टेबलावर सदस्य बसलेले. बऱ्याच घरांत व्हानिए यांचा फोटो भिंतीवर होता, कुठे पुस्तकं, कुठे त्यांच्यासोबत काढलेले फोटो. काही जुन्या सदस्यांचे ते खरोखरीचे मित्र होते. त्यांना काय सांगायचं?

प्रशिक्षणात मी इथे मुलांना बोलू देते. हमखास तीन मतं निघतात. एक म्हणतं, सांगू नये, त्यांना समजणार नाही, उगाच त्रास. दुसरं म्हणतं, गुपचूप फोटो काढून ठेवावा, विचारलं तर बघू. तिसरं म्हणतं, सांगावं. पहिल्या मतात दया आहे आणि तिच्याच पोटात अपमान. आपण कुजबुजायला लागलो, फोनवर बाहेर जाऊन बोलायला लागलो, डोळे सुजवून न्याहारीला आलो, की शब्द कमी असलेल्या माणसाला घरात काहीतरी बिनसलंय हे शब्दवाल्यांच्या आधी कळतं. फक्त काय ते कळत नाही. मग तो स्वतःचंच काहीतरी चुकलं असं धरून बसतो. दुसरं मत तर धोक्याचंच. ओळखीची वस्तू एका रात्रीत नाहीशी होते आणि कुणी बोलत नाही, हा अनुभव त्यांनी आश्रयगृहांत पुरेसा घेतलेला असतो.

सांगायचं तर कसं? लहान वाक्यांत, अलंकार न वापरता. 'ज्याँने काही बायकांना त्रास दिला. त्याने त्यांच्या अंगाला हात लावला. त्यांना ते नको होतं. ते चुकीचं होतं. त्या बायकांनी सांगितलं, ते बरोबर केलं. तुला कुणी असं केलं तर तूही सांगायचं.' शेवटचं वाक्य सगळ्यांत महत्त्वाचं. बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसांवर अत्याचाराचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, आणि तो बहुधा ओळखीच्या, आवडत्या माणसाकडून असतो. 'वाईट काम वाईट माणूस करतो' एवढंच शिकवलं, तर आवडत्या माणसाने केलेलं काम त्यांच्या हिशेबात वाईट ठरतच नाही. भिंतीवर ज्याचा फोटो आहे असा माणूसही चुकीचं करू शकतो, हे शिकवायला यापेक्षा जड धडा नाही. पण टाळता येण्यासारखाही नाही.

फोटोचं काय? एका तुकडीत यावर बरीच घासाघीस झाली. दिवाणखान्याची भिंत सगळ्यांची आहे, तिथे त्या बायकाही उद्या येऊ शकतात, म्हणून तिथला फोटो उतरायला हवा, तोही सदस्यांसमोर, कारण सांगून. मग एका मुलीने विचारलं, एखाद्या सदस्याने स्वतःच्या खोलीत ठेवलेला फोटो? तो काढायचा हक्क आपल्याला आहे का? नाही. खोली त्याची आहे. त्याचा मित्र वाईट वागला हे कळूनही त्याला मित्राची आठवण येऊ शकते. आपल्याला नाही का येत? त्याच्या दुःखालाही नीटनेटकं करायला आपण निघालो, तर पुन्हा तेच आश्रयगृह.

फोटो उतरवणं त्यातल्या त्यात सोपं. रीतीभातींचं काय करायचं हे अवघड. ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी लार्शच्या घरांत एकमेकांचे पाय धुतात. सहायक सदस्याचे, सदस्य सहायकाचे. ख्रिश्चनांत ही रीत जुनीच, पण लार्शमध्ये व्हानिए यांनी तिला विशेष जागा दिली. आता तगारीतलं पाणी आणि स्पर्श, दोन्हींकडे त्याच नजरेने पाहता येईल का? आयोगाने त्यांच्या लिखाणाचीही चिकित्सा केली ती यामुळेच. माझ्या मनात अजून दोन्ही बाजू आहेत. ज्याचे पाय आयुष्यभर दुसऱ्यांनी धुतले त्याला दुसऱ्याचे धुवायला मिळणं, ही त्याची कमाई आहे, व्हानिए यांची नव्हे. पण 'तुला पाय धुवून घ्यायचे आहेत का?' हे आधी विचारलं जात नसेल, आणि 'नको' म्हणणाऱ्याकडे कुणी वळून पाहत असेल, तर ती रीत थांबवलेली बरी.

त्या वर्षी तो गुरुवार ९ एप्रिलला होता. त्याआधीच, करोनामुळे १७ मार्चला फ्रान्स आणि २५ मार्चला भारत बंद झाला होता. बाहेरच्यांना घरात येणं बंद, कार्यशाळा बंद. ही बातमी पचवायला माणसं एकमेकांपासून लांब जाऊ शकली नाहीत, एका छपराखाली कोंडली गेली. बाहेर कॅनडात काही कॅथलिक शाळांनी आपल्या पाटीवरून व्हानिए यांचं नाव काढलं. घरांत तेव्हा मुखपट्टी कुणाला सहन होत नाही आणि नाकात काडी कशी घालून घ्यायची, यावर झटापट चालू होती.

आपल्याकडचं पाहायचं तर

आपल्याकडे बौद्धिक दिव्यांग प्रौढांसाठी निवासी जागा फार थोड्या. ज्या आहेत त्यांतल्या पुष्कळ कुणा एका जिद्दी माणसाने किंवा जोडप्याने उभ्या केल्या आहेत, कित्येकदा स्वतःच्या मुलापायी. शहराबाहेर थोडी जमीन, दोन इमारती, एक भाजीचा मळा, मेणबत्त्या-पणत्यांचा विभाग. संस्थापकांना सगळे दादा, भाऊ, ताई किंवा आईच म्हणतात. कार्यालयात त्यांचा किंवा त्यांच्या गुरूंचा फोटो, हार रोजचा ताजा. यातल्या बहुतेक माणसांपुढे मी मनापासून नमते. पण रचना पाहिली तर ती त्रोलीहून फार वेगळी नाही. मावश्या आवारातच राहतात. कित्येकींना दुसरं घर नसतं, म्हणून तर त्या तिथे असतात.

कायदा आपल्याकडे वाटतो त्यापेक्षा बरा आहे. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात मानधनावरच्या किंवा विनावेतन स्वयंसेवकही कर्मचारीच धरल्या जातात. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर अंतर्गत समिती हवी आणि तिच्यात बाहेरची एक व्यक्ती हवी. आणि तक्रार मालकाविरुद्ध, म्हणजे इथे संस्थाचालकाविरुद्ध असेल, तर ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. पन्नास वर्षं त्रोलीत जी खिडकी नव्हती ती हीच. सदस्यांसाठी २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं सातवं कलम आहे: दिव्यांग व्यक्तीवर अत्याचार होतोय असं कुणालाही वाटलं, तरी तो कार्यकारी दंडाधिकाऱ्याला कळवू शकतो, तालुक्याला तो बहुधा तहसीलदारच. मावशी कळवू शकते, भाजीवाला कळवू शकतो.

प्रत्यक्षात अंतर्गत समितीच्या अध्यक्ष संस्थापकांच्या वहिनी असतात आणि बाहेरच्या सदस्य म्हणून त्यांच्या भिशीतल्या बाई. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली नोंदणीकृत संस्थेलाही प्रौढ दिव्यांगाचं पालकत्व मिळू शकतं. आईवडील गेल्यावर संस्था हेच घर, तीच पालक, पैशांचा हिशेबही तीच ठेवणार. अशा सदस्याला वर्षातून दोनदा तरी संस्थेशी काहीही देणंघेणं नसलेलं माणूस भेटायला येतं का, त्याच्याशी एकट्याने बोलतं का, हे मला फुलझाडं आणि रंगरंगोटीपेक्षा महत्त्वाचं वाटतं.

पालक हे विचारत नाहीत. विचारणार तरी कसे? मुलगा अडतीस वर्षांचा, आई सत्तरीची, वडिलांचं बायपास झालेलं. चार ठिकाणांहून 'जागा नाही' ऐकून पाचव्या ठिकाणी आलेले. 'आमच्या पश्चात याचं कसं' एवढा एकच प्रश्न डोक्यात घेऊन जो पायरीवर उभा आहे, त्याला दुसरे प्रश्न सुचत नाहीत, सुचले तरी जीभ रेटत नाही. उगाच नाराज झाले आणि जागा गेली तर?

म्हणून हल्ली कुणी मला संस्था बघायला सोबत चला म्हटलं तर जाते, आणि चहा येईपर्यंत थांबून मीच विचारते. इथे राहणाऱ्याला किंवा इथल्या मावशीला तक्रार करायची असेल तर कुणाकडे करायची? चटकन उत्तर येतं, आमच्याकडे. बरं, आणि तक्रार तुमच्याबद्दलच असली तर? एकदा एका ताईंनी उठून फळ्यावरचा स्थानिक समितीचा आणि तहसील कार्यालयाचा नंबर दाखवला. खाली अक्षर न वाचता येणाऱ्यांसाठी फोनचं चित्र काढलेलं होतं. बाकी बहुतेक ठिकाणी क्षणभर कुणी बोलत नाही, मग हसून म्हणतात, "अहो, तशी वेळच येत नाही. आम्ही इथे एक कुटुंब आहोत."